आनेकलची दोन विमानं

आनेकलात बसून विमान रचणारा मी पहिला नव्हे. माझ्या आधी शंभरेक वर्षं पंडित सुब्बराय शास्त्री नावाचे गृहस्थ या गावात राहत होते. जन्म होसूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, आईबाप लहानपणीच गेलेले, काही काळ भिक्षेवर काढलेला. पुढे कोलारच्या बाजूला एका साधुपुरुषाची गाठ पडली आणि त्याच्या कृपेने आपल्याला शास्त्रं स्फुरू लागली, असं ते सांगत. १९१८ ते १९२३ च्या दरम्यान त्यांनी श्लोक सांगितले, वेंकटाचल शर्मांनी ते उतरवून घेतले आणि बंगळूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने त्यावरून आराखडे काढले. हेच ते 'वैमानिकशास्त्र', भारद्वाज ऋषींच्या नावावर असलेलं. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशी चार विमानं त्यात आहेत.

शास्त्रीबुवांचं विमान उडलं नाही. माझंही उडत नाही. तरी मी रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की हातपाय धुऊन त्यातच जाऊन बसतो. त्यामुळे घरात माझ्याविषयी जे मत आहे ते शास्त्रीबुवांविषयीच्या मतापेक्षा फारसं वेगळं नसावं. "अहो, निदान त्यांनी घरातली एक खोली तरी अडवली नव्हती," असं सौभाग्यवतींनी एकदा ऐकवलंही आहे.

घराच्या मागच्या खोलीत सेसना १७२ या विमानाचा कॉकपिट मी उभा केला आहे. पंख नाहीत, शेपूट नाही, इंजिन नाही. समोर तीन पडदे, पडद्यांखाली उपकरणांचं पॅनेल, हातात योक नावाचं सुकाणू, पायाखाली रडरची पेडलं आणि बुडाखाली भंगारातून आणलेली मारुतीची सीट. संगणकावर एक्स-प्लेन हा सिम्युलेटर चालतो. मी जी खिट्टी हलवीन तिची खबर आर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डामार्फत त्याला पोचते. मग वेग किती, उंची किती, नाक कुठल्या दिशेला, याचे आकडे त्याच्याकडून उलटे येतात आणि पॅनेलवरचे काटे हलतात. हा छंद जगभर पसरलेला आहे. बरेच लोक बोइंग ७३७ करायला घेतात. त्यात डोक्यावर स्विचांच्या रांगाच रांगा, मधे थ्रॉटलचा भलामोठा ठोकळा, सगळं थाटात. ते मला परवडलं नसतं, आणि परवडलं असतं तरी नको होतं. सेसनात जे काही आहे ते एका माणसाच्या डोक्यात मावतं. १९५६ पासून हे विमान बनतं आहे, ४४ हजारांच्या वर बनली आहेत, आणि वैमानिक व्हायला निघालेली कितीतरी पोरं यातच बसून पहिल्यांदा जमीन सोडतात.

अशा कामाला आनेकल म्हणजे फार सोयीचं गाव. एकीकडे जिगणी, दुसरीकडे बोम्मसंद्र, थोडं पुढे अत्तिबेले ओलांडलं की तमिळनाडूतलं होसूर. पत्रा कापणारे, पावडर कोटिंग करणारे, स्प्रिंगा वळणारे, सगळे दुचाकीच्या टप्प्यात. इलेक्ट्रॉनिक्सचा बारीक माल हवा असेल तर बंगळूरच्या एस. पी. रोडला जायचं. पुण्याचा पासोड्या विठोबा किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्याने पाहिला आहे त्याला तिथे परकं वाटणार नाही. तीच बोळासारखी दुकानं, तेच छतापर्यंतचे खोके आणि नुसत्या बोटाने चाचपून रोधकाची किंमत सांगणारा तोच पोऱ्या. पोटेन्शिओमीटर मागितला की तो आधी विचारतो, "ए की बी?" आवाजाच्या बटणाला लागतो तो एक, त्यात फिरवणं आणि वाढणं यांचं प्रमाण सरळ नसतं. थ्रॉटलला दुसरा लागतो, सरळ प्रमाणाचा. हा प्रश्न जो विचारतो त्याच्या दुकानात डोळे मिटून खरेदी करावी.

पॅनेलचा पत्रा कापायला मी जिगणीला गेलो होतो. दोन मिलिमीटरचं अल्युमिनिअम, त्यात सहा गोल भोकं. विमानातल्या उपकरणांचं ठरलेलं माप असतं, तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे ८० मिलिमीटरला जरासं कमी. दुकानदाराने पडद्यावर फाइल उघडली, सहा भोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सहा बर्नरची शेगडी? हॉटेल काढताय?" विमानाचं आहे म्हटल्यावर त्याने दर वाढवला. विमानाचं आहे पण उडणार नाही म्हटल्यावर पुन्हा उतरवला.

सीट शिवून दिली ती होसूरच्या एका मिस्त्रींनी. गाड्यांची कव्हरं शिवण्याचा त्यांचा धंदा. माझा फोन आला आणि मी घरी मराठीत बोललो ते ऐकून त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी, पोलिसाशी तमिळ आणि हिशोब तेलुगूत, असा त्यांचा कारभार. पिढ्यान् पिढ्या या मुलखात राहिलेली अशी मराठी घरं बरीच आहेत. त्यांची मराठी कानाला जुनी लागते, पण अडत नाही कुठे. सीट कशासाठी हे त्यांना नीट सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली: पट्टा हवा का? मी म्हटलं, कशाला, खोलीतच तर बसायचंय. ते म्हणाले, मग विमान कसं वाटेल? पट्टा लावून घेतला. त्यांचं बरोबर होतं.

त्याच होसूरहून थळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेलगोंडपल्लीला तनेजा एरोस्पेसचा कारखाना आहे, स्वतःच्या धावपट्टीसकट. मूळ मंडळी पुण्याच्या इंडियन सीमलेस समूहाची. नव्वदच्या दशकात इटलीच्या पार्तेनाव्हिया कंपनीशी करार करून पी-६८ हे दोन इंजिनांचं छोटं विमान तिथे बांधलं जाई. म्हणजे आमच्या या टापूत उडणारी विमानंही झाली आहेत, हे शास्त्रीबुवांच्या आणि माझ्या वतीने नमूद करून ठेवतो.

आता त्या सहा भोकांत काय बसतं ते. वर वेग, कृत्रिम क्षितिज आणि उंची. खाली वळण, दिशा आणि चढउताराचा दर. खऱ्या विमानात यांतली तीन हवेच्या दाबावर चालतात आणि तीन भोवऱ्यासारख्या गरगरणाऱ्या जायरोवर. माझ्याकडे ना दाब ना जायरो, म्हणून काटे मोटरने हलवायचे. गाडीच्या डॅशबोर्डात वेगाचा काटा हलवणारी एक छोटी स्टेपर मोटर मिळते, एक्स-२७ जातीची. वीसेक मिलिअँपिअरवर भागतं तिचं, थेट आर्डुइनोच्या पिनांना जोडता येते. मात्र ती ३१५ अंशच फिरते, कारण आत प्लास्टिकचा एक थांबा असतो. गाडीच्या काट्याला ते सोयीचंच आहे. चावी फिरवली की काटा मागे मागे ढकलायचा, थांब्याला टेकला की ते शून्य. पण उंचीच्या काट्याला हे चालत नाही. लांब काटा दर हजार फुटांना एक फेरा पुरा करतो आणि पुढे जातच राहतो.

तेव्हा मोटरचं झाकण उचकटायचं, दातेरी चाकं चिमट्याने एकेक उचलून ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवायची, मोठ्या चाकावरचा तो नखाएवढाही नसलेला थांबा पात्याने छाटायचा आणि सगळं पूर्ववत बसवायचं. हे काम पंखा बंद करून करावं लागतं. बंगळूरकडची हवा थंड असते म्हणून निभावतं. थांबा निघाला की काटा मोकळा फिरतो, हवे तितके फेरे मारतो. मात्र आता शून्य कुठे, हे त्याला कळायला मार्ग उरत नाही. आधी भिंतीला डोकं आपटून कळत होतं, ती भिंतच आपण पाडलेली. मग काट्याच्या दांड्यावर तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक चिकटवायचं आणि चकतीमागे चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवायचा. वीज आली की काटा आधी एक सावकाश प्रदक्षिणा घालतो, चुंबक सेन्सरसमोरून गेलं की त्याला आपलं शून्य सापडतं, आणि मग तो कामाला लागतो. आमच्याकडे वीज जाते-येते बरीच, त्यामुळे ही प्रदक्षिणा पाहण्याचा योगही बराच येतो.

उंचीदर्शकाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी गुंडी असते, त्या दिवशीचा हवेचा दाब लावायची. एक हेक्टोपास्कल इकडचं तिकडे झालं की उंचीत तीसेक फुटांचा फरक पडतो. ढगात असलं की तीस फूट फार असतात. आनेकल समुद्रसपाटीपासून साधारण तीन हजार फुटांवर आहे. खरा अल्टिमीटर आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि दाब बरोबर लावला, तर मी खुर्चीत बसल्याबसल्या तो तीन हजारांच्या आसपास दाखवेल. मुंबईच्या मित्रांना मी हे आवर्जून सांगतो.

ही गुंडी म्हणजे आत रोटरी एन्कोडर. दोन संपर्क एकामागोमाग मिटतात-उघडतात. पहिला आधी मिटला तर दाब वाढवायचा, दुसरा आधी मिटला तर कमी करायचा. कागदावर इतकं सोपं. प्रत्यक्षात कुठलाही स्विच एकदाच मिटत नाही. आतल्या पत्र्या एकमेकींना टेकल्यावर काही मिलिसेकंद थरथरतात. आपल्याला एक टिक ऐकू येतं, आर्डुइनोला पाच-दहा. म्हणून प्रोग्रॅममध्ये त्याला शिकवावं लागतं: पहिली खबर आली की लगेच विश्वास ठेवू नकोस, जरा थांब, पुन्हा विचार, तेच उत्तर आलं तर मान. थ्रॉटलचंही तसंच. त्याची जागा ० ते १०२३ मधल्या एका आकड्यात येते, आणि कोणी हात लावलेला नसतानाही तो आकडा दोन-तीनने खालीवर होत असतो. चार-आठ वाचनांची सरासरी काढली की तो शांत होतो. फार सरासरी काढली तर तो सुस्त होतो, हात पुढे आणि इंजिन मागे. नेमकं कुठे थांबायचं हे कानाने ठरवावं लागतं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते ट्रिमच्या चाकाने. माझा योक ड्रॉवरच्या चॅनेलवर पुढेमागे सरकतो आणि दोन स्प्रिंगा त्याला नेहमी मधोमध ओढून आणतात. खऱ्या सेसनात स्प्रिंग नसते, हाताला लागतो तो वाऱ्याचा जोर. वेग कमी झाला की योक सैल पडतो, वाढला की जड होतो. वैमानिक नाक वर धरून ठेवतो, हात भरून येतो, मग ट्रिमचं चाक फिरवत जातो, आणि जिथे योक धरलेला आहे तिथेच तो हलका होत जातो. हात सोडला तरी विमान तसंच राहतं. माझ्या योकची विश्रांतीची जागा मात्र एकच, स्प्रिंगांनी ठरवून दिलेली. चाक फिरवता फिरवता मला योक हळूहळू मध्यावर परत न्यावा लागतो. पडद्यावरचं विमान जसंच्या तसं उडतं, पण हाताला जे कळायला हवं ते उलटं कळतं. मोटर लावून ही उणीव भरून काढणारे योक मिळतात, त्यांची किंमत ऐकून मी स्प्रिंगांवर खूश आहे. पण नक्कल नेमकी कुठे तुटते ते ठाऊक झाल्यावर खऱ्या विमानात हाताला काय लागत असेल ते मला पहिल्यांदा नीट समजलं. पुस्तकात वाचून ते समजलं नव्हतं.

नकलेची ही विद्या निघाली एका वाद्यांच्या कारखान्यातून, हे फार कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. पोराला विमानाचं वेड, आणि शिकायची फी भारी. त्याने १९२९ मध्ये ऑर्गनचेच भाते घेतले, त्यांवर लाकडी विमानाचं एक ठेंगणं धड बसवलं, आणि भात्यांत हवा कमीजास्त करून ते डोलायला, कलायला, गिरक्या घ्यायला लावलं. आपल्याकडे पेटी दुरुस्त करणारा कोणीही कारागीर ते यंत्र उघडून पाहता क्षणी ओळखेल. वैमानिकी शाळांनी त्याला दारातून परत पाठवलं. मग जत्रेतल्या पाळण्यांच्या रांगेत, नाणं टाकून बसायचं खेळणं म्हणून ते विकलं जाऊ लागलं. १९३४ साली अमेरिकन लष्करी विमानदलाकडे टपाल पोचवण्याचं काम आलं. हिवाळा, ढग, धुकं. काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मेले. त्यानंतर दलाने लिंककडून सहा पेट्या घेतल्या. पुढे महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या पेटीत बसून शिकले.

काय शिकले? आपल्या शरीरावर विश्वास ठेवायचा नाही, हे. ढगात शिरलं की क्षितिज दिसत नाही. कानातलं पाणी म्हणतं आपण सरळ आहोत आणि विमान वळत वळत खाली चाललेलं असतं. काट्यांचं ऐकायचं, पोटाचं नाही. माझ्या खोलीत मात्र शरीर खोटंही बोलत नाही, खरंही बोलत नाही. पडद्यावर विमान साठ अंश कललेलं असतं आणि शेजारच्या कपातला चहा जागचा हलत नाही. या बाबतीत लिंकची शंभर वर्षांपूर्वीची पेटी माझ्या पुढे आहे.

मी बहुतेक वेळा उड्डाण करतो ते बंगळूरच्या जुन्या, एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) विमानतळावरून. २००८ च्या मे महिन्यात देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि इथली नेहमीची प्रवासी वाहतूक बंद झाली. सिम्युलेटरमध्ये ही धावपट्टी माझ्या एकट्याच्या मालकीची. तिथून उडण्यात माझा एक स्वार्थ आहे. एचएएलचा विमानांचा कारखाना १९४० मध्ये उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आणि तिथलं पहिलं स्वदेशी शिकाऊ विमान, एचटी-२, ज्यांच्या हाताखाली तयार होऊन १९५१ साली उडालं ते डॉ. विष्णू माधव घाटगे गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली होती. ज्या माणसाने पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या थराचं गणित मांडलं, त्याच्या हाताखाली. परत आल्यावर बंगळुरात शिकवलं, आणि लढाऊ विमानाच्याही आधी शिकाऊ विमान हातात घेतलं. पुष्पक आणि किरणही त्यांच्याच काळातली. आपल्या शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी असतात. त्यांत घाटग्यांची तसबीर मी अजून पाहिलेली नाही.

बेळगाव हे माझं गाव, त्यामुळे सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरण्यात जे समाधान आहे ते जगातल्या कुठल्या विमानतळावर नाही. रविवारी सकाळी एचएएलहून निघतो. तीन हजार फुटांवरची धावपट्टी म्हणजे हवा जरा विरळ. इंजिनाला इंधन थोडं कमी पाजावं लागतं, आणि मुंबईच्या समुद्रकाठच्या जुहूहून निघताना जेवढं धावावं लागेल त्याहून जास्त धावावं लागतं. पंचावन्न नॉटला योक ओढायचा. तुमकूर, चित्रदुर्गाच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या, दावणगेरे, हुबळी. गाडीने जो रस्ता रात्रभर संपत नाही तो इथे वरून दोन-अडीच तासांचा. मधे एकदा सौभाग्यवती पोहे घेऊन येतात आणि "आत्ता कुठे?" विचारतात. त्यांना या उद्योगात काडीचा रस नाही, पण हुबळी आली की त्यांचं माहेर येतं.

तर शास्त्रीबुवा. त्यांच्याविषयी मुंबईच्या एका माणसाशिवाय बोलता येत नाही. शिवकर बापूजी तळपदे. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, ही कथा आपण सगळ्यांनीच शाळेत किंवा दिवाळी अंकात कधीतरी वाचलेली असते आणि छाती फुगवून पुढे सांगितलेली असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी, मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू यांनी, १९७४ साली 'वैमानिकशास्त्रा'ची तपासणी केली. त्यात आनेकलचे शास्त्री येतात आणि तळपदेही येतात. तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली नमुने करून पाहिले, ते उडू शकले नाहीत, अशी नोंद त्यात आहे. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, असंही त्यांनी भाषेवरून आणि इतर पुराव्यांवरून ठरवलं.

मला त्या अभ्यासातलं सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी तो ग्रंथ हसून बाजूला टाकला नाही. वेंकटाचल शर्मांना भेटले, नातलगांकडे चौकशी केली. आणि मग चारही विमानं घेऊन बसले: आकार हा, मापं ही, पुढे ढकलणारी शक्ती अमुक. उडेल का? एकही उडणार नाही, असं उत्तर आलं. आकार उडायला सर्वथा प्रतिकूल, आणि जी यंत्रणा विमान पुढे न्यायची ती उलट त्याला अडवणारी. पण उत्तरापेक्षा मला त्यांची रीत महत्त्वाची वाटते. त्यांनी शास्त्रीबुवांच्या विमानाला उड्डाणाची संधी दिली, कागदावर का होईना. माझा सिम्युलेटर रोज संध्याकाळी तेच करतो. तो कोणाचा अपमान करत नाही आणि कोणाची भीड ठेवत नाही. वेग चाळीस नॉटच्या खाली नेलात, तर तुम्ही कोणत्या ऋषींच्या कुळातले हे न विचारता तो पंख पाडतो.

२०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि पुन्हा एकदा गदारोळ झाला. त्याच सुमारास मुंबईतच, कांदिवलीला चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर, कॅप्टन अमोल यादव नावाचा वैमानिक सहा आसनी विमान बांधत होता. २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. एका निबंधासाठी सभागृह मिळालं, आणि दुसऱ्याला विमान ठेवायला गच्ची. याच्यावर मी जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

तळपद्यांचा मला राग येत नाही. चिराबाजारातला माणूस, हाताशी जे साहित्य मिळालं त्यात धडपडला, काहीतरी बांधलं. बांधणाऱ्याला कुठे अडतं हे आपोआप कळतं. लाकूड जड आहे, सांधा सुटतो, काटा शून्यावर येत नाही. कुठलंही यंत्र बांधायला घेतलं की पहिल्या तासाभरात ते दहा वेळा 'नाही' म्हणतं. नुसतं श्लोकात बांधलेलं विमान कधीच 'नाही' म्हणत नाही, हीच त्यातली मेख. तळपदे त्या 'नाही'पर्यंत पोचले असतील, असं मला उगीच वाटतं. त्यांच्या नावाने पुढे ज्यांनी कथा रचल्या ते पोचले नाहीत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा आहे, नववीतला. कानडी घरातला, माझ्याशी शाळेतल्या हिंदीत बोलतो. त्याला माझ्या खोलीत मुक्त प्रवेश. सोल्डरिंग माझ्यापेक्षा बरं करतो. डाग चकचकीत आला नाही तर पुन्हा तापवतो, वरवर चिकटलेला कोरडा डाग त्याला खपत नाही. शाळेत कोणीतरी त्याला सांगितलं की आपल्या गावात विमानाचा शोध लागला होता. तो थेट खाली आला. मी त्याला ना हो म्हटलं ना नाही. एक्स-प्लेनसोबत प्लेन-मेकर नावाचा प्रोग्रॅम येतो, तो उघडून दिला. त्यात हवा तो आकार मांडता येतो. मग एक्स-प्लेन त्याचे लहान लहान तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यावर हवा किती जोराने कुठल्या बाजूला ढकलेल ते काढतं आणि सगळ्याची बेरीज करून विमानाला सोडून देतं. मात्र रकाने भरावे लागतात.

त्याने रुक्म निवडलं, कारण चित्रात त्याला निदान पंखे तरी आहेत. मजल्यावर मजले चढवत निमुळता होत गेलेला तो शंकू त्याने मन लावून मांडला. मग वजनाच्या रकान्यापाशी गाडी अडली. ग्रंथात विमानाच्या धातूंची नावं आहेत: सोमक, सौंडालिक, मौर्त्विक.

"अंकल, सोमकची डेन्सिटी किती?"

मी म्हटलं, तूच सांग.

त्याने थोडा विचार केला. "अल्युमिनिअमची धरू. दोन पॉइंट सात. हलकाच धातू आहे, त्यांचा फायदाच करतोय आपण."

पत्र्याची जाडी किती धरायची, यावर थोडी घासाघीस झाली. शेवटी जिगणीहून आणलेल्या माझ्या पॅनेलची धरली, दोन मिलिमीटर. मग तो वही काढून शंकूचं पृष्ठफळ काढायला बसला, मजल्यागणिक वेगळं. गुणाकार झाला तेव्हा आलेला आकडा पाहून त्याने एक लांब शिट्टी घातली, एकदा पुन्हा तपासला, टाइप केला, आणि इंजिनाच्या अश्वशक्तीच्या रकान्याकडे वळला.